अंबाझरी ते गोकुळपेठ: ऊन आणि पाणी समजून घेत चालण्याची वाट

हवामान बदलाच्या काळात शहर कसं असावं यावर आराखडे निघतात, परिषदा भरतात. पण आपण राहतो तो भाग उन्हाला आणि पावसाला कितपत तोंड देऊ शकतो, हे पायी फिरल्याशिवाय कळत नाही. नागपुरात नव्याने आलेल्यांसाठी, आणि वर्षानुवर्षं राहूनही आपल्याच भागात कधी असे न फिरलेल्यांसाठी, ही एका फेरीची पद्धत सांगतो. वाट पश्चिम नागपुरातली आहे: अंबाझरी तलावापासून नाग नदीच्या कडेने शंकरनगर आणि तिथून धरमपेठ, गोकुळपेठ. अंतर तीन-चार किलोमीटर. थांबत-विचारत गेलात तर सकाळचे तीन तास सहज जातात.

हीच वाट निवडण्याचं कारण आहे. नागपूरला हवामानाचे दोन मोठे मार बसतात, मे महिन्यातलं ऊन आणि काही तासांत कोसळणारा पाऊस. या एका वाटेवर दोन्ही दिसतात. म्हणून प्रत्येक थांब्यावर दोनच प्रश्न विचारायचे. नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भर दुपारी इथे सावली कुठे असेल? आणि जोराचा पाऊस आला की इथलं पाणी कुठे जाईल? ज्या गोष्टीमुळे यातल्या एका तरी प्रश्नाचं उत्तर सुधारतं, ती वहीत टिपायची. बाकी रंगरंगोटी सोडून द्यायची.

निघण्याआधी

पहिली फेरी मार्च किंवा एप्रिलमध्ये करा. ऊन कळण्याइतकं असतं आणि सकाळी चालवतं. सहाला सुरुवात करून नऊच्या आत संपवा. मे महिन्यात दुपारी बारा ते चार या वेळात ही फेरी कोणीही करू नये. ऊन लागणं ही नागपुरात गंभीर गोष्ट आहे. खिशात कांदा ठेवायची आपल्याकडची रीत आहे. ठेवायचा तर ठेवा, पण डोक्याला दुपट्टा आणि पिशवीत दोन बाटल्या पाणी हवंच.

सहा-आठ जणांचा गट बरा. त्यात या भागात तीसेक वर्षं राहिलेलं कोणीतरी असावं, कारण पाणी पूर्वी कुठून वाहायचं हे नकाशापेक्षा त्या माणसाला जास्त ठाऊक असतं. सोबत एक वही, बरोबर एक मीटर लांबीची सुतळी, मोजपट्टी आणि लांबून पृष्ठभागाचं तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. कोविडच्या काळात कपाळासमोर धरत तो इथे चालत नाही, तो शरीराच्या तापमानापुरताच असतो. कारखान्यात वापरतात तो हवा. विजेच्या सामानाच्या दुकानात विचारा. नाहीच मिळाला तर तळहात भिंतीपासून चार बोटं लांब धरा. झळ लगेच कळते.

मोजमाप स्वतः करण्याचा आग्रह आहे, त्याला कारण आहे. २०२४ च्या मेअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने स्पष्ट केलं की तिथला सेन्सर बिघडला होता. आणि केंद्र बरोबर असलं तरी त्याचा आकडा सावलीत, जमिनीपासून उंचावर ठेवलेल्या उपकरणातला असतो. तुमच्या गल्लीतला सिमेंटचा रस्ता किती तापला, हे तो सांगत नाही.

पहिला थांबा: मेट्रो स्थानक

ॲक्वा लाइनने या आणि अंबाझरी तलावाजवळच्या स्थानकावर उतरा. फेरीला गाडी आणली तर फेरीचा अर्धा अर्थ तिथेच संपतो. नागपूर मेट्रोच्या आराखड्यात एकूण गरजेच्या ६५ टक्के वीज सूर्यापासून घेण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. स्थानकांच्या छपरांवर पॅनेल आहेत, ती उंचावरून नीट दिसतात.

खाली आल्यावर खांबांकडे बघा. वरच्या मार्गावर पडणारं पावसाचं पाणी पाइपातून खाली उतरतं. तो पाइप शोधा आणि त्याचं खालचं टोक कुठे जातं ते पाहा. शोषखड्ड्यात जात असेल तर चांगली खूण करा. गटारात किंवा थेट रस्त्यावर सुटत असेल तर तसं लिहा. इथे पाच मिनिटं पुरेत.

दुसरा थांबा: तलाव आणि त्याचा सांडवा

इथे मात्र घाई करू नका. अंबाझरी तलाव १८७० च्या सुमारास शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला. आज नागपूर पेंच आणि कन्हान नद्यांचं पाणी पितं. पण तलावाचं काम संपलेलं नाही. मोठ्या पावसात पश्चिमेकडच्या चढावरचं पाणी आधी इथे थांबतं आणि मग नाग नदीत उतरतं.

बांधाच्या खाली उभे राहून पूर्वेकडे बघा. जमीन उतरत जाते, आणि त्या उतारावर अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, पुढे शंकरनगर आणि रामदासपेठ आहेत. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. तलाव आधीच भरलेला होता. सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडण्याच्या वाटेवरून, आलेलं पाणी नदीच्या अरुंद पात्रात मावलं नाही आणि पहाटे लोकांच्या घरांत शिरलं. माणसं बोटींतून काढावी लागली. पंचशील चौकातल्या पुलाचीही त्या पुरात हानी झाली.

नव्या माणसाने इथे एक समजून घ्यावं. तलाव भरलेला असेल तर तो नवीन पाऊस धरू शकत नाही. आलेलं सगळं पुढे ढकलतो. म्हणून तलाव काठोकाठ दिसला की आपल्याला बरं वाटतं, पण सप्टेंबरमध्ये खालच्या वस्तीसाठी तो काठोकाठ असणं धोक्याचं असतं. पाण्याची पातळी काठापासून किती खाली आहे, सांडव्यापुढची वाट मोकळी आहे की तिच्यात काही बांधलंय, पाण्यावर जलपर्णी किती साचली आहे, या तीन गोष्टी टिपा.

तिसरा थांबा: नदीकडेच्या गल्ल्या

आता नाग नदीच्या कडेने लेआउटमध्ये उतरा. इथली हवामानाशी जुळवून घेण्याची कामं कुठल्याही योजनेत लिहिलेली नाहीत, ती लोकांनी आपापल्या घरापुरती केलेली असतात. ती शोधायला डोळे सरावले पाहिजेत. फाटकाशी नव्याने उंचावलेला उंबरा, छातीच्या वर नेलेला विजेचा मीटर, जमिनीतल्या टाकीचं उचलून बांधलेलं झाकण, तळमजल्यावर न ठेवता जिन्याच्या वळणावर ठेवलेला इन्व्हर्टर. असं काही दिसलं की लिहून घ्या. पूर पुन्हा येऊ शकतो, हे मान्य करून केलेली ही कामं आहेत, आणि नव्याने घर घेणाऱ्याला ती फार शिकवतात.

कोणी अंगणात दिसलं तर नमस्कार करून विचारा, "काका, त्या रात्री पाणी कुठवर आलं होतं?" बहुतेक वेळा उत्तर शब्दांत येत नाही, भिंतीवर हात ठेवून दाखवलं जातं. ती उंची मोजपट्टीने मोजून घ्या. पण घरांचे आणि माणसांचे फोटो न विचारता काढू नका. अनेकांची त्या रात्री संसाराची सगळी जमवाजमव पाण्यात गेली आहे.

नदीला इथे दोन्ही बाजूंनी भिंती आहेत. भिंतीमुळे कडेची जमीन वाचते. पण पाण्याला पसरायला जागा राहत नाही, त्यामुळे ते वेगाने पुढच्या वस्तीवर जातं. जिथे काठावर थोडीशी कच्ची, गवताळ पट्टी शिल्लक आहे, ती नकाशावर हिरव्या रंगाने रंगवा. माझ्या मते या वाटेवरची सगळ्यात मोलाची जमीन तीच आहे, आणि "मोकळी पडली आहे, काहीतरी करा" असा आग्रह सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच धरला जातो.

नदीत आजही सांडपाणी मिसळतं, वास येतो. त्याची एक दुसरी बाजूही माहीत असावी. शहराच्या गडर लाइनचं, म्हणजे भूमिगत गटारांचं, बरंच पाणी पूर्वेला भांडेवाडीच्या शुद्धीकरण केंद्रात जातं. तिथून दिवसाला १३ कोटी लिटर शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची योजना महापालिका आणि राज्याची वीजनिर्मिती कंपनी महाजनको यांनी उभी केली, म्हणजे तेवढं पेंचचं स्वच्छ पाणी वाचावं. देशात शहराचं सांडपाणी वीज केंद्रासाठी वापरण्याच्या सुरुवातीच्या मोठ्या उदाहरणांत ते मोडतं. फेरीत ते केंद्र दिसत नाही, पण रस्त्यातल्या झाकणावर उभं असताना ही गोष्ट सोबतच्यांना जरूर सांगा.

चौथा थांबा: सिमेंट रस्ता, गट्टू आणि झाडाचा बुंधा

कुठल्याही एका गल्लीत थांबा. बाटलीतलं थोडं पाणी तीन जागी ओता: सिमेंटच्या रस्त्यावर, कडेच्या गट्टूंवर (फरसबंदीच्या ठोकळ्यांवर) आणि झाडाखालच्या मातीवर. सिमेंटवरून ते पळतं. गट्टूंवर काय होतं हे त्यांच्या फटींत आणि खाली काय भरलंय यावर ठरतं; खाली काँक्रीट ओतलं असेल तर गट्टूही सिमेंटच. माती ते पिऊन टाकते. मुलं सोबत असतील तर हा प्रयोग त्यांच्याकडूनच करून घ्या.

मग रस्त्याची उंची बघा. नागपुरात गेल्या दशकभरात डांबरी रस्त्यांवर सिमेंटचे रस्ते आले आणि कित्येक ठिकाणी रस्ता घराच्या जोत्यापेक्षा वर गेला. फाटकात उभे राहून रस्ता किती इंच वर किंवा खाली आहे ते मोजा. दहा घरांचे आकडे एका खाली एक लिहिले की पुढच्या पावसात कोणाच्या घरात पाणी शिरेल याचा चांगला अंदाज येतो. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण सगळ्या फेरीत महापालिकेपुढे ठेवण्यासारखा सगळ्यात ठोस कागद यातूनच तयार होतो.

आता सुतळी काढा. झाडाच्या बुंध्यापासून चारही बाजूंना एक मीटर माती मोकळी आहे का ते बघा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडांभोवतीचं एक मीटरमधलं काँक्रीट काढायला सांगितलं, तेव्हापासून हे माप देशभर धरलं जातं. बुंधा सिमेंटने आवळला की मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, आणि असं झाड जूनच्या पहिल्या वादळात आडवं होतं. छातीच्या उंचीवर खोडाचा घेरही मोजून ठेवा, त्यावरून झाडाच्या वयाचा अंदाज येतो. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळं स्थान मिळालं. धरमपेठेत अशी झाडं अनेक आहेत. त्यांची नोंद आधी झालेली असली तर ऐनवेळी बोलता येतं.

सावली कोणाची

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून २६ मेच्या आसपास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच जिरते. नवतपा याच दिवसांत असतो. याचा अर्थ असा की वर्षातल्या सगळ्यात कडक दिवसांत, भर दुपारी, उंच इमारत रस्त्याला जवळजवळ काहीच सावली देत नाही. वरून झाकणारं काहीतरी लागतं: झाडाचा पसारा, छज्जा, पोर्च, नाहीतर सिग्नलवर बांधतात ती हिरवी नेट.

आणि झाडही कुठलंही चालत नाही. मे महिन्यात ज्याची पानं दाट असतात ते हवं. कडुनिंब, पिंपळ आणि करंजाला उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी येते, त्यामुळे ती मे महिन्यात भरगच्च असतात. वड आणि विलायती शिरीष मोठा पसारा धरतात. बहावा आणि गुलमोहर त्या दिवसांत फुलतात, सुंदर दिसतात, पण पानं विरळ असल्याने सावली कमी. रस्त्याच्या मधोमध लावलेल्या बॉटल पामची सावली एका माणसालाही पुरत नाही, आणि कोनोकार्पसच्या हिरव्या भिंतीने नजर सुखावते पण चालणाऱ्याच्या डोक्यावर काही येत नाही. सुशोभीकरण आणि सावली ही दोन वेगळी कामं आहेत. नोंद करताना ती वेगळी ठेवा.

सूर्य थोडा वर आला की कडुनिंबाखालच्या आणि उन्हातल्या रस्त्यावर थर्मामीटर धरा. उन्हाळ्यात दिवस चढत जातो तसा हा फरक पंधरा-वीस अंशांपर्यंत जाऊ शकतो. शक्य असेल तर त्याच दोन जागा त्याच दिवशी सूर्यास्तानंतर तासाभराने पुन्हा मोजा. सिमेंटने दिवसभर साठवलेलं ऊन तेव्हा बाहेर पडत असतं, आणि नागपुरातल्या रात्री का निवत नाहीत याचं एक मोठं कारण तुमच्या हातातल्या आकड्यात दिसतं.

पाचवा थांबा: धरमपेठेतली घरं

शंकरनगर चौकातून उत्तरेला वळा. धरमपेठेत जुने बंगले आणि नवे फ्लॅट एकाच रांगेत आहेत, म्हणून तुलना सोपी जाते. जुन्या बंगल्यात पुढे पोर्च, खिडक्यांवर रुंद छज्जे, उंच छत, छताजवळ गरम हवा बाहेर जायला व्हेंटिलेटर, मागे विहीर आणि परसात आंबा किंवा कडुनिंब. यातलं बहुतेक सगळं विजेशिवाय घर थंड ठेवण्यासाठी केलेलं आहे. नव्या इमारतीत पश्चिमेला काच आणि खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी असेल तर तिला थंडावा वीज जाळूनच मिळवावा लागतो. एसी खोलीतली उष्णता काढून गल्लीत सोडतो. चार-पाच आउटडोअर युनिट असलेल्या बोळातून चालून बघा.

आणि मग कूलर. बाहेरून आलेल्या माणसाला खिडकीला लटकलेला तो लोखंडी डबा जुनाट वाटतो. मला तो या शहराचा सगळ्यात शहाणा शेजारी वाटतो. एप्रिल-मेमध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या ओल्या ताट्यांमधून ओढली की ती चांगली दहा अंश आणि कधी त्याहून जास्त उतरते. एसीच्या मानाने वीज फारच कमी लागते, आणि गल्लीत गरम हवा येत नाही. नव्यांसाठी तीन सूचना. कूलर शक्यतो सावलीच्या बाजूला बसवा. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा खोलीतच कोंडते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, कारण डेंग्यूचा डास अशाच साचल्या पाण्यात वाढतो. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर निकामी होतो, तेव्हा पंखाच बरा. पाणीही तो बादल्यांनी पितो, हेही हिशेबात धरा.

गच्च्यांकडे बघा. पांढरा चुना मारलेली गच्ची ऊन परत फेकते आणि वरच्या मजल्यावरचा उकाडा कमी करते. थोड्या पैशांत होणारा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. सौर पॅनेल दक्षिणेकडे, साधारण वीसेक अंश कललेले असतील. एक किलोवॉटला शंभर चौरस फुटांच्या आसपास जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरवलं गेलं. घरमालक भेटले तर विचारा, पॅनेल किती दिवसांनी धुता? उन्हाळ्याच्या धुळीत न धुतलेलं पॅनेल कमी वीज देतं, आणि हे बसवणारे बहुधा सांगत नाहीत.

पावसाच्या पाण्याचा हिशेब तर तिथल्या तिथे करता येतो. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. नागपुरात वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस धरला, तर हजार चौरस फुटांच्या गच्चीवरून गळती-बाष्पीभवन वजा जाता सत्तर-ऐंशी हजार लिटर पाणी मिळतं. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना जलसंधारण बंधनकारक आहे. पण कागदावरचं आणि जमिनीवरचं वेगळं असू शकतं. गच्चीवरून उतरणारा पाइप विहिरीत, बोअरजवळच्या खड्ड्यात की रस्त्यावर सुटतो, एवढंच बघा.

शेवटचा थांबा: गोकुळपेठ बाजार

इथे पोहोचाल तेव्हा भूक लागलेली असेल. बाजारात फार मोजमाप नको. माठ आणि रांजण विकणारे कुठे बसतात, पाणपोई कुठे आहे, तिच्यावर छप्पर आहे का, भाजीच्या पाल्याचं दिवसअखेर काय होतं, एवढं विचारा. संत्री घ्यायची तर आंबिया बहाराची नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. त्या दिवसांत जवळच्या तालुक्यांतला माल मिळतो, लांबून ट्रकने आलेला घ्यावा लागत नाही.

संध्याकाळी पुन्हा बाहेर पडणार असाल तर पौर्णिमा निवडा. महापालिका आणि ग्रीन व्हिजिल फाउंडेशन ही पर्यावरण संस्था यांनी प्रा. अनिल सोले महापौर असताना पौर्णिमा दिवस सुरू केला. पौर्णिमेच्या रात्री आठ ते नऊ दुकानांचे आणि घरांचे नको असलेले दिवे बंद करण्याचं आवाहन त्यात असतं. त्या तासाभरात बाजाराच्या रस्त्यावरचे किती दिवे खरोखर गरजेचे होते हे आपोआप दिसतं.

घरी आल्यावर

नोंदी त्याच दिवशी स्वच्छ करा. नकाशावर सावलीच्या जागा, पाणी मुरण्याच्या जागा आणि अडचणीच्या जागा वेगवेगळ्या रंगांनी भरा. सिमेंटने आवळलेल्या झाडांची यादी पत्त्यासह धरमपेठ झोन कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. रस्त्याच्या उंचीचे आकडे वेगळ्या अर्जात द्या, एकत्र दिलेले विषय एकाच फाइलीत अडकतात. सोसायटीतल्या लोकांना मात्र अर्ज नको, चहाला बोलवा आणि पाइपाचं टोक दाखवा.

हीच पद्धत दुसऱ्या भागात नेताना प्रश्न तेच ठेवा, उत्तरं बदलतील. महाल या जुन्या वस्तीत कवेलूंची (कौलांची) छपरं आणि एकमेकांवर सावली टाकणाऱ्या अरुंद गल्ल्या सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उपयोगी पडतात. सिव्हिल लाइन्समध्ये झाडं आहेत पण चालणारे कमी. पूर्वेच्या नव्या लेआउटमध्ये झाडं लावायला अजून जागा आहे, तिथे आधी नाल्याची जुनी वाट शोधा.

जुलैमध्ये, पहिला मोठा पाऊस थांबून अर्धा तास झाला की ही फेरी पुन्हा करा. एप्रिलमध्ये अंदाजाने रंगवलेला नकाशा सोबत न्या आणि पाणी खरंच कुठे साचलंय ते त्यावरच पेन्सिलने दुरुस्त करा. वाहत्या नाल्याजवळ जाऊ नका, सांडवा लांबूनच बघा, आणि पाण्याखाली झाकण उघडं असू शकतं म्हणून हातात काठी ठेवा.